बॅटरी बिचारी निमित्त

सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक, आणि हॉर्नला सर्दी झालेली. गेल्या पावसाळ्यात माझ्या दीडशे सीसीच्या गाडीनं हे सुरू केलं तेव्हा मी सरळ बॅटरी बदलली. दोन महिन्यांत नवीही बसली. मग कुठे शहाणपण सुचलं आणि व्होल्टेज मोजायला एक स्वस्तातला मल्टिमीटर घेऊन आलो.

बॅटरी वीज साठवते, बनवत नाही. वीज बनते इंजिनाच्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरच्या आत. तिथे चुंबकं बसवलेलं फ्लायव्हील तांब्याच्या कॉइलभोवती गरगरत असतं. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेली करामत तीच. पण कॉइलमधून निघते एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, आणि बॅटरीला हवी डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. हा बदल करतो आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट नावाचा अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा. वर रेस वाढली तरी तो व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास आवरून धरतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, कारण आत साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. गाडी चालू करून रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. भरत आलेल्या टाकीत पाणी ढकलायचं तर नळाला टाकीपेक्षा जास्त दाब लागतो, तसंच हे. पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट बिघडलंय. बल्ब उडतात, बॅटरी उकळते.

माझा आकडा १२.७ ला अडकला. आरआर युनिटच्या तोंडाशीच मीटर लावला, तर तिथे १४.१! म्हणजे १.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते.

साइड पॅनेल काढल्यावर चोर सापडला. पांढरं कनेक्टर चहाच्या रंगाचं झालेलं, आतल्या पिनवर हिरवट गंज. आठ अँपिअर करंट धरला, तर १.४ व्होल्ट गुणिले ८, म्हणजे ११ वॉट उष्णता. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी, आणि तीही नखाएवढ्या पिनेत! उष्णतेनं पीन सैल होते, सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की ती आणखी तापते. टेप गुंडाळून हे थांबत नाही. जळका भाग कापून नवी पीन नीट दाबून बसवावी लागते.

युनिटच्या तोंडाशीही आकडा कमीच असता, तर कॉइलचा प्लग काढून मीटर एसीवर लावला असता. तीन वायरींची कॉइल असेल तर कुठल्याही दोन वायरींमध्ये जवळपास सारखंच व्होल्टेज मिळायला हवं. एक जोडी मागे पडली की कॉइल जळाली समजायचं. तिन्ही सारख्या आणि भरपूर असतील, तर संशय आरआर युनिटवर. फक्त हे तपासताना चालू गाडीची बॅटरी काढून बघायचा जुना गॅरेजी प्रयोग करू नका; व्होल्टेज उसळून बाकीचं इलेक्ट्रॉनिक्स जातं.

शिवाय एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच असतो. सिग्नल-सिग्नलच्या छोट्या फेऱ्यांत चार्जिंगला आधीच फारशी सवड मिळत नाही.

दुसरी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, आजही तीच चालतेय. पहिली मी एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो होतो. तीही बहुधा चांगलीच असणार.