ब्रिज बसवला म्हणजे कीड लागायची भीती संपली?

‘दातांवर ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का खोटा दात) बसला की तिथे पुन्हा कीड लागत नाही,’ असा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. तो खरा वाटणं स्वाभाविक आहे, कारण अर्धी गोष्ट बरोबरच आहे: सिरॅमिक किंवा धातू किडत नाही.

पण ब्रिज उभा कशावर असतो ते पाहा. एक दात पडला असेल तर सहसा शेजारचे दोन दात तासून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. कॅपच्या आत दात तुमचाच, खराखुरा. हिरडीजवळ कॅपची कड संपते, तिथे दाताचा भाग उघडा राहतो किंवा सिमेंट झिजून बारीक फट पडते. जंतूंना तेवढी जागा पुरते. त्या दाताचं रूट कॅनाल झालेलं, म्हणजे आतली नस काढलेली असेल तर दुखतही नाही, आणि मला हीच बाब सर्वांत काळजीची वाटते.

घरी पाहायचं असेल तर आरशासमोर खोट्या दाताखालून सुपरफ्लॉस (ताठ टोकाचा, दात साफ करायचा दोरा) किंवा थ्रेडरने (सुईसारख्या प्लास्टिकच्या फासाने) ओवलेला फ्लॉस, म्हणजे साधा दातांचा दोरा, हलक्या हाताने फिरवा. नुसत्या ब्रशने तिथलं निघत नाही. दोऱ्याला रोज दुर्गंधी किंवा रक्त येत असेल, ब्रिज किंचित हलत असेल, तर दाखवून घ्या. कडेची कीड दंतवैद्य बारीक प्रोबने (टोकदार उपकरणाने) चाचपतात आणि एक्स-रे काढतात. धातूच्या आतलं मात्र एक्स-रेतही दिसत नाही, म्हणून कधी ब्रिज काढूनच बघावा लागतो.