एसीवर बर्फ का जमतो?

उन्हाळा लागला की ‘सर्व्हिसिंगसोबत गॅस टॉप-अप’च्या जाहिराती फिरू लागतात आणि कितीतरी घरं दरवर्षी मुकाट्याने पैसे मोजतात. समजूत अशी की वर्षभर वापरून एसीतला गॅस संपतो. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला वायू जळत नाही की झिजत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. घरातल्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं गॅस भरावा लागत नाही, तो याच कारणाने. एसीत गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बुजवली नाही तर नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

या समजुतीला बळ मिळतं ते बर्फामुळे. एसी गार करेनासा होतो, इनडोअरचं झाकण उघडावं तर आतल्या कॉइलवर, म्हणजे वळवलेल्या नळ्यांवर, पांढराशुभ्र थर. मेकॅनिक सांगतो, ‘गॅस कमी झालाय.’ पण गॅस कमी झाल्यावर उलट बर्फ कसा काय जमेल? मला एसीतली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच दिसते.

द्रव किती तापमानाला उकळणार हे त्याच्यावरच्या दाबावर ठरतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊन उकळतं. आज बहुतेक नव्या घरगुती एसींत आर-32 हा वायू असतो. उघड्या हवेच्या दाबाला तो उणे 52 अंशांच्या आसपास उकळतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये त्याच्यावर हवेच्या सुमारे दहापट दाब असतो, म्हणून तिथे तो साधारण 7 अंशांना उकळतो. उकळताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. हवेतली वाफ कॉइलच्या गार फिन्सवर, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांवर, पाणी होऊन ड्रेन पाईपने निघून जाते. आता गॅस गळाला आणि दाब सातपटीवर आला, तर उकळबिंदू उणे 5 अंशांच्या जवळ येतो. मग फिन्सवर पाण्याऐवजी बर्फ धरतो.

आणि तरीही खोली गार होत नाही. कारण एक किलो आर-32 उकळून वाफ होताना सुमारे 300 किलोज्यूल उष्णता घेतो, पण एकदा वाफ झाल्यावर एक अंश तापताना जेमतेम एक-दीड किलोज्यूल. गॅस कमी असला की द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो. पुढच्या नळीतून नुसती वाफ जाते आणि ती फारशी उष्णता घेत नाही. शिवाय बर्फाने हवेची वाट अडते, कॉइलला उष्णता कमी मिळते, दाब आणखी उतरतो, बर्फ आणखी वाढतो.

हेच चक्र गॅस पुरेपूर असतानाही सुरू होतं, फक्त फिल्टर धुळीने बुजलेला हवा. खोलीतली हवा कॉइलपर्यंत पोचली नाही की द्रवाला उकळायला उष्णता मिळत नाही आणि दाब घसरतो. म्हणजे बर्फ दिसला यावरून गॅस गेला असं ठरत नाही. आधी एसी बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टरची जाळी नळाखाली धुऊन वाळवा आणि पुन्हा चालवून बघा. बऱ्याचदा काम तिथेच होतं. तरीही बर्फ धरला, तर मेकॅनिकला आउटडोअरच्या दोन नळ्या बघायला सांगा. गॅस कमी असेल तर सहसा बारीक नळीच्या जोडावर दव गोठतं आणि जाड नळी फारशी गार लागत नाही. हवा अडली असेल तर जाड नळीही गारठते.

इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळणं हा त्यामानाने साधा मामला. ड्रेन पाईप बुळबुळीत गाळाने तुंबलेला असतो. मुंबई-कोकणात हे जास्त, कारण दमट हवेतून पाणीच जास्त निघतं. तासाला दोन लिटर पाणी काढायला दीड टनी एसीची जवळजवळ पाव ताकद जाते.

जाता जाता, ऑनलाइन मिळणाऱ्या टेबलावरच्या ‘मिनी एसी’बद्दल. त्यात पंखा आणि पाण्याची ओली जाळी एवढंच असतं. खोलीतली उष्णता बाहेर टाकायला वाटच नाही, तर खोली गार होणार कशी? एसी म्हणून तो विकणं ही ग्राहकाची फसवणूकच आहे.

गॅस खरोखरच गेला असेल, तर नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायला सांगा. गळती बुजली की व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा काढायचा, मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम भरायचा, ते आउटडोअरवरच्या पट्टीवर छापलेलं असतं.