दहा हजार पावलं हा आकडा आला कुठून?

आमचे बाबा रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत, तिथून परत सोफा, हातात फोन आणि फोनवर ८,७१२. गुडघा दुखत असतो पण दहा हजार झाल्याशिवाय झोपायचं नाही. हे दहा हजार तुम्हाला कुणी सांगितलं असं विचारलं तर म्हणाले, सगळेच सांगतात की! मग मी जरा खोलात शिरले आणि जे सापडलं ते लिहून ठेवतेय, कारण घरोघरी हेच चाललंय.

आपल्याकडे पूर्वी व्यायामाचा प्रश्न पडला की तो तालमीत सुटायचा. जोर किती मारायचे, बैठका किती, खुराक काय, सगळं वस्ताद सांगणार. त्यात चुकीचंही असायचं, पण वस्ताद पोराला रोज डोळ्यासमोर बघायचा, दम कुठे लागतो, खांदा कुठे अडकतो हे त्याला दिसायचं, त्यामुळे ते उत्तर निदान त्या पोरासाठी असायचं.

पण वस्ताद किंवा ग्रंथ सांगतात ते खरं का, हे मोजून तपासून बघायचं काम आपल्याच माणसाने केलंय आणि हे आपल्यालाच फारसं माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची योगक्रिया, करताना पोटात नेमकं काय होतं हे ग्रंथात काय लिहिलंय यावर न सोडता त्यांनी एक्स-रे काढले, आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि प्रयोग छापायला त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, म्हणजे कसं मोजलं ते कुणालाही वाचता यावं. पुढे बडोद्यालाच द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले.

पण चालण्याफिरण्याने हृदय खरंच वाचतं का, याचं मोठं उत्तर आलं लंडनच्या बसमधून. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर, साल १९५३. डबलडेकर बसवर दोन माणसं, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वरखाली, रोजच्या सहाशेच्या आसपास पायऱ्या. कंपनी एकच, पण कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी निघाला. आता कुणीही म्हणेल की ड्रायव्हर मुळातच जाड असतील, त्यात जिन्याचं काय? मॉरिसलाही हीच शंका, म्हणून त्याने युनिफॉर्मच्या पँटींची कंबरेची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या होत्या हे खरंच निघालं, पण बारीक ड्रायव्हरासमोर बारीक कंडक्टर आणि जाड्यासमोर जाडा ठेवला तरी कंडक्टरच सुरक्षित. १९५६ मध्ये त्याने हेही छापलं. स्वतःच्याच निष्कर्षात खोट शोधायला शिंप्याच्या मापापर्यंत जाणारा माणूस, मला तर हा भाग वाचून एकदम भरून आलं.

आणि दहा हजार? ते आले जपानमधून. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, व्यायामाची हवा होती आणि १९६५ मध्ये एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, लक्षात राहणारा, आणि जपानी लिपीत दहा हजाराचं अक्षर चालत्या माणसासारखं दिसतं असंही म्हणतात. इतक्या पावलांनी आयुष्य इतकं वाढतं असं आधी कुणी मोजलं होतं आणि मग नाव ठेवलं, असं झालेलं नाही. तिथून तो आकडा घड्याळात आला, फोनमध्ये आला आणि आमच्या हॉलमध्ये आला.

मोजमाप नंतर झालं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी १६,७४१ वयस्कर अमेरिकन बायकांना आठवडाभर कमरेला यंत्र लावायला दिलं, सरासरी वय ७२, आणि मग चारेक वर्षं कोण दगावलं ते बघितलं. २०१९ चा हा अभ्यास. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. अर्थात आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय पावलांनाच देता येत नाही, आणि हे त्यांनी अभ्यासात मान्यही केलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये तर पावलांचा आकडाच नाहीये, मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं मिनिटांत सांगितलंय.

बाबांना हे सगळं बसून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ७,५०० चा आलेख दोनदा बघितला, मग म्हणाले, बरं, पण माझ्या गुडघ्याचं काय? त्याचं उत्तर यातल्या कुठल्याच अभ्यासात नव्हतं. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये.