उंची कमवायची, मग खर्चायची

वरून झेपावलेलं जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ माझ्या ब्रिटिश स्पिटफायरच्या नाकासमोरून खाली गेलं. त्याचा नेम चुकला होता. त्याच झोकात ते पुन्हा वर चढू लागलं. शिकार समोर दिसत होती, मी स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा) पोटाकडे ओढली आणि त्याच्यामागे नाक वर केलं. वेगाचा काटा ताशी ३०० किमीवरून २५०, मग २०० असा घसरत गेला. विमान थरथरलं, डावा पंख खाली झुकला आणि इंग्लिश खाडीचं पाणी पडद्यावर गरगर फिरायला लागलं. तोवर १०९ वर सावकाश उलटलं आणि माझ्यावर आलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सिम्युलेटरवर नवख्यांची बहुतेक विमानं अशीच पडतात. सुरुवातीला मला वाटायचं, हात जलद चालवायला हवा. चुकत होता तो हिशेब.

विमानाला दोन खिसे असतात, एक उंचीचा आणि एक वेगाचा. एकातलं दुसऱ्यात टाकता येतं: सूर मारला की उंची वेगात वळते, नाक वर केलं की वेग उंचीत. दरही ठरलेला आहे. ताशी ५०० किमी वेगातली गतिज ऊर्जा उंचीत मोजली तर सुमारे ९८० मीटर भरते. ताशी ३०० किमीची जेमतेम ३५० मीटर. वरून आलेल्या १०९ चे खिसे भरलेले होते, माझे जवळजवळ रिकामे. तरीही मी त्याच्याबरोबर चढाओढ करायला गेलो.

इंजिन म्हणजे दरमहा येणारा पगार, तो हळूहळू जमतो. हवेचा अवरोध हा रोजचा खर्च, आणि त्यातला सगळ्यात महाग खर्च म्हणजे करकचून घेतलेलं वळण. ४ जी वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या चौपट उचल द्यावी लागते. तेवढ्याच वेगाला, उचल निर्माण करताना होणारा अवरोध तेव्हा चौपट नाही, सोळापट होतो. शिवाय स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, दुप्पट होतो. सरळ उडताना ताशी १२० किमीला स्टॉल होणारं विमान त्या वळणात २४० लाच हात टेकतं. पंखावरून नीट वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते. मग विमान गिरक्या घेत खाली येतं, त्याला स्पिन म्हणतात. त्यातून बाहेर पडायचा मार्ग अंगवळणी पाडावा लागतो: थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कमी, गिरकीच्या उलट बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू), स्टिक पुढे. घाबरलेला हात नेमकी स्टिक मागे ओढतो. पुरेशी उंची घेऊन मुद्दाम पन्नास वेळा स्पिनमध्ये जावं आणि बाहेर यावं, हा सराव मला तरी कुठल्याही चकमकीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

‘उंची हातात असेल तर पुढाकार तुमचा’ अशा आशयाचा नियम ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे वैमानिक ‘सेलर’ मलान यांनी आपल्या दहा नियमांत लिहून ठेवला होता. वैमानिकांच्या या अनुभवाला समीकरणांची नीट चौकट मिळाली ती १९६० च्या दशकात, अमेरिकेत वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी यांच्या कामातून.

आता नेमबाजी. लहानपणी आबाधुबी खेळलेल्यांना हे ठाऊक आहे: पळणाऱ्या पोरावर चेंडू मारला तर तो मागे पडतो, पोराच्या पुढे मारावा लागतो. आकाशात हे अंतर डोळ्यांना पटत नाही इतकं मोठं असतं. २५० मीटर कापायला ब्राउनिंग मशिनगनच्या गोळीला सुमारे ०.३५ सेकंद लागतं. तेवढ्यात ताशी ४०० किमीने आडवं जाणारं विमान जवळपास ३९ मीटर पुढे सरकतं. १०९ ची लांबी ९ मीटरच्या आसपास, म्हणजे चार विमानं बसतील इतकं पुढे धरायचं. सुरुवातीच्या स्पिटफायरमधल्या आठ बंदुकांत प्रत्येकी ३०० गोळ्या होत्या, म्हणजे एकूण मारा सुमारे १५ सेकंदांचा. त्यामुळे आधी जवळ जायचं, शक्य तितकं शेपटीमागून जायचं, मग चाप ओढायचा.

चांगल्या सिम्युलेटरमध्ये यंत्राचे स्वभावही उतरतात. स्पिटफायरचं नाक एकदम खाली दाबलं की इंजिन गचके खातं, कारण त्याच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा होता आणि उणे जीमध्ये, म्हणजे विमानातलं सगळं वर उचललं जातं तेव्हा, इंधनाचा प्रवाह बिघडायचा. १०९ च्या इंजिनात इंधन थेट फवारलं जाई, त्याला ही अडचण नव्हती. बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी इंधनाच्या वाटेत बसवायची छोटीशी भोकाची चकती बनवली आणि १९४१ मध्ये ती विमानांत बसू लागली. तोवर वैमानिक विमान आधी उलटं करून मग सूर मारत.

सिम्युलेटरची कल्पना मात्र या युद्धाच्याही आधीची. न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारी विमानासारखी पेटी लिंक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बनवली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करावर टपाल उडवून नेण्याची जबाबदारी आली, वाईट हवेत अनेक वैमानिक मेले, आणि लष्कराने या पेट्या घेतल्या. कारण ढगात कान फसवतो: एकसारखं वळण चालू राहिलं की आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटू लागतं. झाकण बंद करून पेटीत बसलेला शिकाऊ वैमानिक शरीराचं न ऐकता काट्यांचं ऐकायला शिकायचा. महायुद्ध संपेपर्यंत लाखो लोक तिच्यात बसून गेले.

त्या पेटीबाहेर प्रशिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र सरकत असे. त्याला ‘खेकडा’ म्हणत. त्याचं शाई लावलेलं चाक नकाशावर उड्डाणाची रेषा काढत जाई आणि नंतर दोघं त्या रेषेवर बोट ठेवून बोलत. आजच्या सिम्युलेटरमधलं उड्डाणाचं रेकॉर्डिंग हे त्याच खेकड्याचं काम करतं.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी पुन्हा लावलं, या वेळी शत्रूच्या कॉकपिटमधून. मी स्टिक ओढली त्या क्षणाला थांबवलं. माझ्या काट्यावर ३००, त्याच्या काट्यावर ५२०. वर गेल्यावर त्याच्याकडे उरलेल्या वेळात तो मान वळवून मला आरामात शोधू शकत होता. मी तेव्हाच इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्याकडे नाक जरा खाली करून निघून गेलो असतो, तर वीस सेकंदांत माझ्याही काट्यावर ४०० आले असते.