खलनायिकेच्या जन्माला आलेली वाचक

संक्रांतीनंतर सोलापुरात होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत उभ्या उभ्या, माझ्या भाचीने मोबाइलवर वाचलेली एक जपानी कथा मला सांगितली आणि विचारले, "मामा, तिची काय चूक हाय, सांगा की." ही 'ती' म्हणजे आपल्याच काळातली एक मुलगी. मेल्यावर ती आपल्या आवडत्या प्रेमखेळाच्या, म्हणजे नायिका होऊन प्रेमकथा खेळायच्या व्हिडिओ गेमच्या, जगात पुन्हा जन्मते. पण नायिका म्हणून नव्हे, तर शेवटी हद्दपारी किंवा मृत्यू ठरलेली उमरावकन्या म्हणून. जपानीत या पात्राला 'अकुयाकु रेइजो' म्हणतात. खलपात्राची भूमिका वाट्याला आलेली खानदानी मुलगी, असा त्याचा अर्थ.

गंमत अशी की, ज्या खेळांतून ती आल्याचे सांगितले जाते, त्या प्रत्यक्षातल्या खेळांत अशी खलनायिका क्वचितच आढळते. मुलींसाठीच्या या खेळप्रकाराचा आरंभ मानल्या जाणाऱ्या १९९४ च्या 'अँजेलिक'मध्ये रोझालिया नावाची गर्विष्ठ प्रतिस्पर्धी आहे, मात्र तिला दुष्ट म्हणता येत नाही. आजची खलनायिका घडली ती मुख्यतः इंटरनेटवरच्या हौशी लेखनात. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'शोसेत्सुका नि नारो' या संकेतस्थळावर कोणालाही कादंबरी क्रमशः लिहिता येई. तिथेच २०१४ मध्ये सातोरू यामागुची यांची कातारिना क्लाएस अवतरली आणि २०२० च्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेने तिला जगभर पोहोचवले. आठ वर्षांच्या कातारिनाला डोके आपटून पूर्वजन्म आठवतो, तेव्हा ती सूड उगवण्याऐवजी हद्दपारीत पोट भरता यावे म्हणून शेती शिकू लागते आणि राजपुत्राला सापाची भीती वाटते हे कळताच खेळण्यातले साप बनवू लागते.

अशा कथांत वारंवार येणारा प्रसंग वाङ्निश्चय मोडण्याचा आहे. भरदरबारात राजपुत्र नवी प्रेयसी शेजारी घेऊन वाग्दत्त वधूला दूषणे देतो. मूळ प्रेमकथेच्या बाजूने पाहिले तर हा न्याय वाटतो. पण शब्द दिला होता राजपुत्राने आणि मोडलाही त्यानेच, हे खलनायिकेच्या जागी उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पुनर्जन्माची युक्ती वाचकाला नेमकी त्या जागी नेऊन बसवते. माझ्या मते, येथे सहानुभूती दयेतून येत नाही. पुढचे पान आधीच वाचलेल्या माणसाच्या धास्तीतून येते.

आपल्याकडे ही दृष्टी अगदीच परकी नाही. भासाच्या 'प्रतिमानाटका'त कैकेयीची बाजू मांडलेली आहे. दशरथाला पुत्रशोकाचा शाप आहे हे तिला ठाऊक असते, म्हणून पुत्राच्या मृत्यूऐवजी वियोगावर निभावावे या हेतूने ती वनवास मागते आणि चौदा दिवस म्हणायचे ते गोंधळात चौदा वर्षे म्हणून जाते. शेवट माहीत असलेली आणि तो सौम्य करू पाहणारी 'वाईट' बाई ती हीच.

भाचीला मी आमच्या यात्रेतली कुंभारकन्या सांगितली. तिने सिद्धेश्वरांना लग्नाची मागणी घातली. संन्यस्त असल्याने त्यांनी ती स्वीकारली नाही, पण तिला झिडकारलेही नाही, तर आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास संमती दिली. म्हणून आजही त्या योगदंडाचे प्रतीक असलेले सात नंदीध्वज संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला जातात. त्या राजपुत्राला एवढी रीत तरी ठाऊक हवी होती, असे मी म्हणालो. त्यावर भाची मैदानाकडे बोट दाखवून म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी होमात त्या कुंभारकन्येचंच प्रतीक जाते की, मामा."