पार्श्वभूमी : लोअर केलेली गाडी, कलम ५२ आणि गेटबाहेरचा गतिरोधक

स्पोर्ट्स कार रोज ऑफिसला न्यायची आणि शिवाय ती लोअरही करायची, म्हणजे स्प्रिंगा बदलून जमिनीकडे खाली घ्यायची, हा हट्ट ठाणे-नवी मुंबईला नवा नाही. नव्वदच्या दशकात गॅरेजवाले झेन-एस्टीमच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापून गाडी ‘बसवून’ द्यायचे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) मात्र जुनाच राहतो. खड्ड्यात गाडी थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आदळते. लोअरिंगची बदनामी झाली ती मुख्यतः या कापाकापीमुळे. २००१ मध्ये आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले, परदेशी गाड्या वाढल्या. पुढे २०-३० मिलिमीटर खाली घेणाऱ्या तयार स्प्रिंगा आणि उंची जुळवता येणारे कॉइलओव्हरही (स्प्रिंग-शॉकअपचे जोडसंच) मिळू लागले.

खरा गुंता कायद्यात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं मूळ कलम ५२ तसं समंजस होतं. आरसीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाला कळवा, मंजुरी घ्या, एवढंच. अ‍ॅक्सेसरीज लावल्या-काढल्याने वजन दोन टक्क्यांपर्यंत बदललं तर विचारायचीही गरज नव्हती. २००० च्या दुरुस्तीने हा सूर पालटला. आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचाच नाही. सवलत उरली ती मुख्यतः दुसऱ्या इंधनाचं किट आणि इंजिन बदलण्यापुरती.

दक्षिणेतल्या एका राज्याच्या नियमांत तरीही थोडी वाट होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ती मान्यही केली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ‘मॉडिफिकेशन बंद’ हा समज तिथून पक्का झाला. पण कलमातले शब्द आजही ‘आरसीतला तपशील’ असेच आहेत. आरसीत रंग असतो, इंजिन-चासी क्रमांक असतात, वजन असतं, व्हीलबेससुद्धा (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असतो. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, नसतो. मग स्प्रिंग बदलली तर आरसीतलं नेमकं काय बदललं? एका बाजूचं म्हणणं, काहीच नाही. दुसरी बाजू म्हणते, गाडीला मंजुरी मिळाली ती त्या सस्पेन्शनसकट, त्यामुळे हात लावायचा नाही. २०१९ मधल्याच कायदादुरुस्तीने परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. जर्मनीत अशा स्प्रिंगसोबत चाचणीचा कागद येतो, तपासणी करून बदल गाडीच्या कागदपत्रांत चढवता येतो. आपल्याकडे प्रामाणिक माणसाने नोंद करायची म्हटली तरी ती कुठल्या रकान्यात करायची?

गंमत म्हणजे करासाठी हाच क्लिअरन्स मिलिमीटरमध्ये मोजतात. २०१३ मध्ये एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क वाढलं, तेव्हा १७० मिलिमीटरच्या अटीतून सुटायला एका बड्या कंपनीने आपली एसयूव्ही स्वतःच खाली घेतली. जुलै २०२३ मध्ये तर हे माप रिकाम्या गाडीचं धरायचं, असा खुलासाही झाला.

रस्त्याकडून पाहिलं तर हिशोब आणखी वेगळा निघतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९८८ मध्येच गोल गतिरोधकाचं माप दिलं : रुंदी (गाडी जाते त्या दिशेने) ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ओलांडायचा वेग ताशी २५ किलोमीटर. अडीच मीटर व्हीलबेसची दोन सीटची गाडी त्यावर मधोमध आली की पुढची-मागची चाकंही उंचवट्यावरच असतात. पोटाखालचे जेमतेम साडेचार सेंटिमीटर खर्च होतात. क्लिअरन्स १२ सेंटिमीटर असेल आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली असेल, तरी हळू गेल्यास तितकेच उरतात. सोसायटीच्या गेटबाहेर रातोरात उगवलेला हातभर रुंदीचा, १२ सेंटिमीटर उंच उंचवटा मात्र आपली पूर्ण उंची वसूल करतो. तिथे शोरूममधून आणलेली गाडीही घासते. तिरकी घातली तरी फार तर लिप (पुढच्या बंपरची खालची कड) वाचते. कलम ५२ गाडीच्या मालकाला लागू होतं, डांबर ओतणाऱ्याला नाही.

त्यात अलीकडे ठाण्यात यूटीडब्ल्यूटीच्या (डांबरावर टाकलेल्या पातळ काँक्रीटच्या) थरांनी रस्ते उचलले गेले. कुठे चेंबरची झाकणं खाली राहिली, कुठे गेटला नवा उतार आला. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने वळणं आणि पॅचवर्कची भर घातली. वाशीहून पाम बीचने बेलापूरला जाणाऱ्याला ३० मिलिमीटर सहज परवडतात; कासारवडवलीहून तीन हात नाक्याला येणाऱ्याला १५ सुद्धा जड जातात. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा उभा खांब) असलेली गाडी जास्त खाली घेतली की चाक धरणारे लोअर आर्म उलटे चढतात, रोल सेंटर (गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू) गाडीपेक्षा वेगाने खाली जातं आणि वळणावर गाडी उलट जास्त कलू पाहते. अलाइनमेंट न करता पळवली तर टायरची आतली कड संपते ती वेगळीच. म्हणून जाणते मेकॅनिक २०-२५ वरच थांबायला सांगतात.

काही नव्या महागड्या गाड्यांत बटण दाबलं की पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर उचलली जाते. काहींत कुठे उचलली ती जागा जीपीएसवर लक्षातही राहते. घोडबंदरला अशा जागांची वही लवकरच भरेल. ही सोय कारखान्यातूनच येते, म्हणून कुणी हरकत घेत नाही. तीच बाहेरून बसवायची म्हटली, हवेवर स्ट्रट उचलणारे कप बाजारात आहेतच, तर प्रश्न पुन्हा कलम ५२ चा, गाडी या वेळी खाली न जाता वर जात असली तरी.