कापडी विमान परत उभं करताना: सत्तर टक्क्यांचा घोळ कुठून आला

अमळनेरजवळ एका मित्राच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, एक जुनं पुष्पक, म्हणजे दोन सीटचं छोटं कापडी विमान, दीड वर्षापासून उभं आहे. बघायला येणारा प्रत्येक जण आल्याआल्या एकच विचारतो, जसं होतं तसं करणार की अपग्रेड करणार? शेजारच्या मळ्यातले आप्पा मात्र पंखावर बोट दाबून म्हणाले, "हाई तं कापड शे! पानी पडनं तं कसं व्हई?" मला आप्पांचा प्रश्न जास्त बरोबर वाटला, कारण रिस्टोर की अपग्रेड हा सगळा वाद मुळात कापडापाशीच सुरू झालाय, आणि ते माहीत नसताना लोक इंजिन आणि चाकांवरच भांडत बसतात.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धापर्यंत पंखांना लिनन लागायचं. युद्धात त्याचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत मर्सराइज्ड, म्हणजे सोड्याची प्रक्रिया करून मजबूत केलेल्या, कॉटनवर काम झालं आणि पुढे त्याच कापडाला ग्रेड ए म्हणायला लागले. इंचाला ८० ते ८४ धागे, आणि एक इंच रुंद पट्टी ताणली तर किमान ८० पौंडांपर्यंत तुटता कामा नये. आपल्याकडे कुणी कुणी अभिमानाने सांगतात की खान्देशच्या कापसाने विमानं उडाली, पण तसं नाही, या कापडाला लांब धाग्याचा कापूस लागायचा आणि आपला जुना कापूस आखूड धाग्याचा. जोडायचंच असेल तर केळीशी जोडा. जुन्या डोपमध्ये, म्हणजे कापडावर मारायच्या त्या लॅकरसारख्या लेपात, अमाइल ॲसिटेट असायचं आणि त्याचा वास थेट पिकलेल्या केळ्यासारखा, रावेरच्या केळीच्या वखारीत शिरल्यासारखा.

खरा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४९ मध्ये सुपर कब नावाचं छोटं अमेरिकन विमान आलं, नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा आणि वर कापड, आणि अलास्कात नदीच्या वाळूवर, गोट्यांवर उतरायला लोकांनी तेच उचललं. सुरुवातीला इंजिन ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल, पण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत १५० हॉर्सपॉवरचं लायकमिंग बसवून कारखान्यातूनच यायला लागलं, म्हणजे अपग्रेड हा काही आजकालच्या पोरांचा शोक नाही, तो या विमानाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. पुढे मोठी फुगीर चाकं आली, १७५० पौंडांची वजनाची मर्यादा २००० पर्यंत न्यायला मंजुऱ्या मिळाल्या, आणि अशा प्रत्येक बदलामागे एक सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मूळ मंजूर विमानात बदल करायची अधिकृत मंजुरी, बोलताना सगळे एसटीसीच म्हणतात.

आपलं पुष्पक २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालं. बंगळुरात तयार झालेलं, दोन सीटचं, आणि इंजिन तेच ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल. साधारण १६० बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. त्याचंच मोठं भावंड कृषक सैन्याकडे गेलं. पुष्पक काही जंगलात उतरायला बनवलेलं नव्हतं, पण जात तीच, नळ्या आणि कापड, त्यामुळे सुपर कबवाल्यांनी तिकडे जे भोगलं तेच इथेही लागू होतं.

आता मुद्द्याचं. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरचं कापड आलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत कॉटन जवळजवळ मागे पडलं. कॉटन उघड्यावर चार-पाच वर्षांत जायचं, ऊन आणि ओल दोन्ही त्याचे वैरी. पॉलिएस्टर मात्र वीस वर्षंही टिकतं, ते डोपने नाही तर उष्णतेने आवळलं जातं, आणि तेही साध्या कपड्यांच्या इस्त्रीने. पहिला हात १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवटचा १७७ ला. इस्त्रीच्या चकतीवर जिथे कॉटन लिहिलंय तिथे ठेवून फिरवली तर कापड कायमचं सैल पडतं, म्हणून थर्मामीटर लावून चकतीवर आपली खूण करून घ्यायची. मी ऐंशीच्या दशकात एका क्लबच्या हँगरात शिकाऊ होतो तेव्हा माझं पहिलं काम तेच, इस्त्रीवर पेनाने खुणा करणं. दुसरं काम पंख शिवणं. एक जण पंखाच्या एका बाजूला, दुसरा पलीकडे, मेण लावलेला दोरा आणि हातभर सुई, रिबच्या, म्हणजे पंखाच्या फासळीच्या, कडेने आरपार टाका, प्रत्येक टाक्याला गाठ. आजीची गोधडी शिवताना बघितली होती म्हणून माझा हात लवकर बसला.

घोळ झाला तो सत्तर टक्क्यांत. नियम असा की कापडाची ताकद, नव्या कापडाची जेवढी लागते तिच्या ७० टक्क्यांखाली गेली की ते उडण्यालायक नाही. पण कुठल्या नव्या कापडाच्या? पंखावर आज जे चढवलंय त्याच्या, असं बहुतेक जण धरून चालतात, आणि ते चूक आहे. हिशोब त्या विमानाला मुळात जे कापड लागतं त्याचा. ग्रेड ए लागत असेल तर ८० चे ७० टक्के, म्हणजे ५६ पौंड. हलक्या आणि हळू विमानाला, पंखावर चौरस फुटाला ९ पौंडांपेक्षा जास्त भार नाही आणि कमाल वेग ताशी १६० मैलांच्या वर नाही अशाला, इंटरमीजिएट नावाचं ६५ पौंडांचं कापड चालतं, मग तिथे हद्द ४६. त्यावर तुम्ही शंभराच्या वर ताकदीचं जाड पॉलिएस्टर चढवलं तरी हद्द ४६ च राहते. म्हणजे कागदोपत्री अर्ध्याहून जास्त ताकद गमावलेलं कापड पास होतं!

यावर दोन तट आहेत. एक म्हणतो यात वावगं काय, विमान डिझाइन केलं तेव्हा जेवढं बळ धरलं होतं तेवढं आहे ना, मग झालं. दुसरा म्हणतो पॉलिएस्टर निम्म्यावर आलंय याचा अर्थ उन्हाची किरणं आत पोचलीत, वरच्या थरातली ऊन अडवणारी ॲल्युमिनियम पावडर कुठेतरी संपलीय किंवा डोपला भेगा पडल्यात, आणि तिथून पुढे ते झपाट्याने उतरतं. भुसावळ-जळगावचं मे महिन्याचं ऊन बघितलेला माणूस दुसऱ्या तटात बसणार, मीही तिथेच आहे.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. कॉटनच्या काळात दर पाच-सात वर्षांनी सगळं सोलायलाच लागायचं, आणि सोललं की सांगाडा उघडा पडायचा. नळ्या हाताने चाचपून बघता यायच्या, वेल्डिंग दिसायचं, नळीत गरम जवसाचं तेल ओतून आतून गंजाला अडवता यायचं. कापड टिकाऊ झालं आणि ही सक्तीची तपासणीच गेली. वीस वर्षं कापड झकास दिसतं आणि आत शेपटीकडच्या खालच्या नळीत, जिथे पाणी साचतं, ती नळी गंजत असते. सत्तर टक्क्यांची टेस्ट कापडाची आहे, नळीला ती काही विचारत नाही. मोठ्या इंजिनाची मंजुरी आणायची घाई असते, ते मला समजतं, जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास पण ४५ अंशाच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं आणि ९० हॉर्सपॉवर धापा टाकतं. तरी गंजक्या नळीपुढे जास्तीचं इंजिन आणि जास्तीचं वजन लावणं मला पटत नाही, कुठल्याही एसटीसीने पटणार नाही.

आप्पांच्या पाण्याचं उत्तरही इथेच आहे. पाऊस वरून पडला तर डोप आणि कापड तो झेलतात, त्यासाठीच ते आहेत. भीती आत शिरलेल्या किंवा आत सुटलेल्या ओलीची, म्हणून पोटाला छोटी छोटी भोकं असतात आणि ती बुजली की विमान आतून भिजत राहतं.

आमच्या सांगाड्यावरचं कापड कधीतरी पॉलिएस्टरचंच चढवलेलं. गेल्या महिन्यात पेनासारखा टेस्टर लावला तर पंखावर सगळीकडे पास, पोटाखालीही पास. सगळे खूश झाले. मग मी शेपटीजवळ चार बोटं कापड कापलं आणि खालच्या नळीला टोच्या लावला, तो हलक्या हाताने आत गेला आणि तांबूस भुकटी माझ्या तळहातावर पडली. पोटाची तीन भोकं रंगाने बंद झालेली होती. आता सगळं कापड उतरवलंय, नळीचा हातभर तुकडा बदलायचाय, आणि कॉटन की पॉलिएस्टर, ९० की १५० हे सगळं त्याच्यानंतर.